मावळा सकाळी, मोगल दुपारी

चित्रपट महोत्सव हा प्रकार युद्धाच्या सावलीतच वाढला, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली सुरू झाला आणि पाच-सहा वर्षांत मुसोलिनीच्या दावणीला जाऊन बसला. १९३७ साली तिथं झाँ रन्वारचा 'ला ग्रांद इल्युझिआँ' आला होता. पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची गोष्ट, आणि लढाई म्हणाल तर पडद्यावर जवळजवळ नाहीच. मुसोलिनीच्या नावाचा करंडक त्याला मिळाला नाही, मिळणारही नव्हता. त्याच वर्षी, त्याच महोत्सवात 'प्रभात'चा 'संत तुकाराम' दाखवला गेला आणि वाखाणला गेला. कोल्हापुरात पडदे रंगवता रंगवता सिनेमा शिकलेल्या दामले-फत्तेलालांचा तुकोबा आणि रन्वारचे कैदी एकाच मांडवात! पुढच्या वर्षी करंडक बर्लिनच्या ऑलिंपिकवरच्या नाझी राजवटीच्या पटाला वाटून दिला गेला, तेव्हा फ्रेंच मंडळी उखडली आणि त्यांनी कान गावी स्वतःचा महोत्सव जाहीर केला. उद्घाटनाची तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. त्याच पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. कानचा मांडव गुंडाळला गेला, तो पुन्हा उभा राहिला १९४६ साली.

त्या पोलंडची माणसं पुढं आमच्या दाराशी येऊन राहिली. ती गोष्ट येईलच.

कोल्हापुरात सिनेमाचे चार लोक जमले की महोत्सवाचा विषय निघतो. बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी इथं आहे, शाहू स्मारक भवनात देशोदेशींचे चित्रपट आम्ही दाटीवाटीनं बसून पाहिलेत. मध्यंतरी कॉलेजची काही पोरं घरी आली. युद्ध, संघर्ष आणि शांतता या एकाच विषयावर महोत्सव करायचा त्यांच्या डोक्यात होतं. "बाई, आपल्या कोल्हापूरचं काय काय दाखवता येईल?" मी म्हटलं, लढाया हव्या असतील तर रीघ लावते. शांतता म्हणाल तर जरा बसावं लागेल.

मला विचारायचं कारण म्हणजे माझे वडील. अण्णा जयप्रभा स्टुडिओत कपडेपटात होते. मी शाळेत चित्रकला शिकवली, पण ढाल म्हणजे लाखेचा पुठ्ठा आणि तलवार म्हणजे बेगड लावलेलं लाकूड, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं.

पोरांना मी आधी बाबूरावांपाशी नेलं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. आतेभाऊ आनंदराव आणि ते दोघे नाटकाचे पडदे रंगवायचे, म्हणून 'पेंटर'. सिनेमाचा कॅमेरा आपण इथंच बनवायचा हा ध्यास आनंदरावांचा. ते १९१६ साली गेले. बाबूरावांनी हे काम तडीला नेलं. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, तिला भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर मराठी सिनेमाचा पाया घातला गेला, हे आपण सांगताना नेहमी घाईनं पुढं सरकतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, तिथं १ डिसेंबरला हार घालायला माणसं जमतात. तानीबाईंच्या नावाचा तिथं एखादा दगड असता तर बरं झालं असतं.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. आधार होता खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकाचा, ज्यावर सरकारनं १९१० साली बंदी घातली होती, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. पडद्यावरचा कीचकवध बाबूरावांनी इतका हुबेहूब घडवला की थिएटरात माणसं घाबरी झाली आणि ते दृश्य कापावं लागलं. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. म्हणजे कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटात मारामारी आहे, राजकारण आहे आणि कात्रीही आहे. पुढची शंभर वर्षं ही तिन्ही एकमेकांचा हात धरून चाललेली दिसतात.

'सिंहगड' आला १९२३ साली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. शिवाजीराजांचं काम स्वतः बाबूरावांनी केलं, तानाजी झाले बाळासाहेब यादव आणि शेलारमामा झाला शांताराम वणकुद्रे नावाचा कंपनीतला उमेदवार पोरगा. रात्रीच्या अंधारात गड चढायचा म्हणून बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांवर दृश्यं घेतली, त्या काळात ही मोठी हिंमत होती. चित्रपटाला अशी गर्दी लोटली की करमणुकीवर कर बसवायची बुद्धी सरकारला त्यावरूनच सुचली, असं सांगतात. खरंखोटं सरकारच जाणे, पण गर्दी खरी होती.

एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. 'सिंहगड' लागला तेव्हा पहिलं महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढून आल्या होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार झालेली, तुर्कांच्या कैदेत गेलेली माणसं आपल्याच मुलखातली होती. शाहू महाराजांनी स्वतः भरतीला हातभार लावला होता. त्यातले परत आलेले काही जण तिकीट काढून 'सिंहगड' बघायला बसले असणार. दोर लावून कडा चढणारे मावळे बघताना त्यांना काय वाटलं असेल? टाळ्या त्यांनीही वाजवल्या असतील. पण मेसोपोटेमियाचं युद्ध त्यांना कुणी पडद्यावर दाखवलं नाही. ते युद्ध परक्याचं होतं, तानाजीचं आपलं होतं. आमच्या सिनेमानं कुठली लढाई दाखवायची हे तेव्हाच ठरून गेलं.

त्या 'सिंहगड'ची फिल्म आज कुणाला बघायला मिळत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले हाताशी राहिलेत ते मोजके, तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म आपोआप पेटायची, न पेटली तर तिच्यातली चांदी काढायला रिळं विकली जायची. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं मात्र बाबूरावांनी रंगवलेलं पोस्टर टिकलंय. भारतीय सिनेमाचं हाती उरलेलं सगळ्यात जुनं चित्र-पोस्टर तेच, असं मानतात. वेम्बलीच्या प्रदर्शनात त्या चित्रपटाला पदकही मिळालं होतं. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याचंच पदक, आणि तेही स्वराज्याच्या गोष्टीला. गोरा साहेब पदक देताना बहुधा कथानक वाचत नसावा.

शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर आणि पैसे घालणारे सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ साली इथंच 'प्रभात' काढली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शिवाजीराजांच्या तरुणपणावर मूकपट केला, नाव ठेवलं 'स्वराज्याचं तोरण'. १९३० साल, मिठाचा सत्याग्रह पेटलेला. सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्दच चालेना. नाव बदलून 'उदयकाल' झालं, शेवटी गडावर झेंडा चढतो ते दृश्यही कापावं लागलं. त्याआधी १९२६ साली भालजी पेंढारकरांच्या 'वंदे मातरम् आश्रम'चे असेच लचके तोडले गेले होते. ऐतिहासिक पोशाखात लढाई दाखवणं हा त्या पिढीचा राजकारण बोलण्याचा मार्ग होता, हे लक्षात घेतलं नाही तर आमच्या लढाया नुसत्या खणाखणी वाटतील. तलवार मोगलावर चालायची आणि घाव साहेबाला लागायचा.

'प्रभात' १९३३ साली पुण्याला गेली. इथं राहिले भालजी. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक' हे सगळे १९३९ ते १९४३ या सालांतले. तारखा नीट बघा, जगात दुसरं महायुद्ध चाललंय. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती सरकारनं परवान्यावर वाटायला घेतली, चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणून ठेवली. युद्धकार्याला मदत होईल असे चित्रपट काढा म्हणून निर्मात्यांमागं लकडा होता. थिएटरात खेळाआधी युद्धाच्या बातम्यांची रिळं लागायची आणि मग पडद्यावर बहिर्जी वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरायचा. एकाच तिकिटात दोन युद्धं.

आता अण्णांच्या वहीबद्दल. कपडेपटाची वही म्हणजे साधी लाल कापडी बांधणीची खतावणी. कुणाला काय दिलं, काय परत आलं, काय फाटलं, एवढाच तिचा विषय. त्यात १९५२ सालच्या 'छत्रपती शिवाजी'च्या दिवसांतली पानं आहेत. शिवाजी चंद्रकांत मांडरे, मिर्झाराजे जयसिंग पृथ्वीराज कपूर. मोठ्या नटांचे पोशाख वेगळ्या पानावर, त्यांच्याशी मला काही घेणं नाही. मला वाचायला आवडतं ते गर्दीचं पान. गर्दीला माणसं यायची तालमीतून, पेठांतून, जवळच्या खेड्यांतून. डाव्या रकान्यात 'मावळा' लिहून खाली नावं: पागोटं एक, बाराबंदी एक, विजार एक, ढाल एक. उजव्या रकान्यात 'मोगल' लिहून पुन्हा नावं: अंगरखा, चिलखत, शिरस्त्राण. आणि नावं तीच. सकाळच्या शॉटला मावळा म्हणून कापणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत झुणका-भाकर खाऊन, कपडे बदलून दुपारी मोगल म्हणून कापला जायचा. एका नावापुढं अण्णांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'मिशी काढायची राहिली, तशीच मोगलात गेली.'

चिलखतं सुतळीची. जाड सुतळी विणायची, वर चंदेरी रंग मारायचा, दुरून लोखंडाची जाळी वाटते. अण्णा सांगायचे, पन्हाळ्याच्या पावसात एकदा ती चिलखतं भिजून अशी जड झाली की मोगलांना पळता येईना आणि मावळे त्यांच्यासाठी थांबून राहिले. भालजींना सगळे 'बाबा' म्हणायचे. शिस्तीचा माणूस. गर्दीतल्या माणसाच्याही कमरेचा शेला नीट बांधलेला आहे का, हे ते स्वतः बघायचे, असं अण्णांच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय.

या वहीतली आधीची पानं नाहीत. वही सुरूच होते १९४८ नंतर. त्याचं कारण आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, खुनी ब्राह्मण निघाला आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं ब्राह्मणांची घरंदारं पेटवली गेली. आमच्याकडं त्याला 'अठ्ठेचाळीसचं जळीत' म्हणतात. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ त्यात जळाला. तयार होत आलेल्या 'मीठभाकर'ची फिल्म गेली, सेट गेले, कपडेपट गेला. सुतळीची चिलखतं काय, काडी लावली की संपली. जाळायला आलेल्या जमावात अण्णांना दोन चेहरे ओळखीचे दिसले होते, गर्दीच्या कामाला येणारे. नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "तेच पुन्हा कामाला आले. मी त्यांना कपडे दिले. काय करणार?"

भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ उभा केला आणि 'मीठभाकर' पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला, तो १९४९ साली लागला. हा माणूस सूड म्हणून एखादा कडवट चित्रपट काढू शकला असता. नाही काढला. खेड्यातल्या माणसांची गोष्ट सांगितली आणि मग पुन्हा महाराजांकडं वळला. त्यांची राजकीय मतं मला सगळीच पटतात असं नाही, पण हे मला मोठं वाटतं. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. जळितावर व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली, वाङ्मयात ते आलं. कोल्हापूरच्या पडद्यावर ते आलेलं माझ्या पाहण्यात नाही. तीनशे वर्षांपूर्वीची लढाई आम्ही दोर, घोडे, तोफा लावून पुन्हा पुन्हा उभी केली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं घर पेटवलं, ते दाखवायची आमची छाती झाली नाही.

तशीच गत वळिवड्याची. १९३९ साली पश्चिमेकडून जर्मनीनं आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं पोलंड गिळलं. पूर्वेकडची लाखो माणसं १९४० पासून गाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडं नेली गेली. पुढं हिटलर रशियावर उलटला, तेव्हा ही माणसं सुटली आणि इराणमार्गे वाट फुटेल तिकडं पांगली. त्यातली पाच हजारांच्या आसपास, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ पासून कोल्हापूरशेजारी पंचगंगेकाठच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. चर्च, शाळा, दवाखाना, बराकींची रांग आणि दाराशी फुलझाडं. लहान मुलं इथं शाळा शिकली, मोठी झाली. काही म्हातारी इथंच मातीत गेली, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. १९४७-४८ च्या सुमारास ती निघून गेली आणि रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. त्याचं झालं गांधीनगर. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथं जातो, साडी घासाघीस करून घेतो आणि एका निर्वासितांच्या छावणीवर दुसरी छावणी वसलेल्या जागी उभे आहोत, हे कुणाच्या मनातही येत नाही.

काय ऐवज होता हा सिनेमासाठी! छावणीपासून काही मैलांवर स्टुडिओ, कॅमेरे, नट, सुतार, रंगारी, सगळं हजर. त्या वेळी स्टुडिओत मात्र सतरावं शतक चालू होतं. वळिवड्यावर आणि जामनगरजवळच्या बालाचडीच्या अशाच छावणीवर माहितीपट निघाला, अनु राधा यांचा 'अ लिटल पोलंड इन इंडिया', पण तो २०१३ साली. सत्तर वर्षांनी, आणि बाहेरून येऊन. पोलिश लोक विसरले नाहीत. महावीर उद्यानात त्यांनी स्मारक उभं केलं, २०१९ साली वळिवड्यात सरकारी पाहुण्यांसह मोठा समारंभ झाला, वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

आमच्याकडं शांततेचा सिनेमा करणारी माणसं नव्हती असं नाही, ती गाव सोडून गेली एवढंच. 'सिंहगड'चा तो शेलारमामा शांतारामबापू म्हणून मोठा झाला. त्यांनी १९४१ साली पुण्यात 'शेजारी' केला, हिंदीत 'पडोसी'. जिवलग हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांत धरण बांधणारा भांडवलदार फूट पाडतो, शेवटी धरण फुटतं. हिंदीत हिंदू ठाकूर झाला मजहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार. फाळणीला सहा वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. १९४६ साली त्यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. युद्धावरचा चित्रपट, नायक मराठी आणि त्याच्या हातात तलवारीऐवजी शस्त्रक्रियेची सुरी. हा चित्रपट कोल्हापूरच्या माणसानं केला, मुंबईला गेल्यावर का होईना.

पोरांना मी आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन' दाखवाच म्हणून सांगितलं. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतरच्या काळातला. सेन्सॉर बोर्डानं त्याला एकवीस काटछाटी सांगितल्या, पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली एकही कात्री न लागता चित्रपट सुटला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवानं टोचणारे चित्रपट नाकारले, तेव्हा चित्रकर्त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सव भरवला. 'उदयकाल'मधला झेंडा साहेबानं कापला, ते समजू शकतं. शांततेचा चित्रपट आपल्याच माणसांना का टोचावा, याचं उत्तर ज्यानं त्यानं शोधावं.

फ्रान्समध्ये शालाँ-आं-शांपान्य गावी २०१३ पासून 'वॉर ऑन स्क्रीन' नावाचा फक्त युद्धपटांचा महोत्सव भरतो. तो भाग पहिल्या महायुद्धात भाजून निघालेला. म्हणजे जिथं युद्ध झालं तिथंच त्याचे चित्रपट बघायला बसायचं. कोल्हापुराला तो हक्क दुप्पट आहे. इथं युद्धाचे चित्रपट घडले आणि युद्धानं उखडलेली माणसंही राहून गेली. शिवाय शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, ज्याच्या नावातच फौज आहे. तिथली सुट्टीवर आलेली पोरं आणि निवृत्त सुभेदार पहिल्या रांगेत बसवावेत, त्यांना आधी बोलू द्यावं आणि समीक्षकांनी मागं बसावं, असं माझं मत आहे.

पोरांचा महोत्सव अजून व्हायचाय, हॉलचं भाडं जमायचंय. तोवर एक काम तुमच्यापैकी कुणीही करू शकेल. ज्यांच्या घरात कुणी जयप्रभात किंवा शालिनी स्टुडिओत गर्दीला, सुतारकामाला, रंगकामाला, कपडेपटाला होतं, त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून बघावी. वही, पावती, सेटवरचा फोटो, काही का असेना, रद्दीत घालू नका. ज्यांच्या आजीनं वळिवड्याच्या बराकीत दूध-भाजी विकली, त्यांनी तिची आठवण लिहून काढावी. आणि अठ्ठेचाळीसबद्दल घरात कुणी बोलत असेल, मग ते जळालेल्या बाजूचं असो की जाळणाऱ्या, तर ते ऐकून ठेवा. ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.